भाडेकरूची पत तपासताना...

लोणंद - कांद्याची बाजारपेठ ही लोणंदची जुनी ओळख. पुणे-मिरज लोहमार्गावरील या गावाला औद्योगिक वसाहतीची जोड मिळाली आणि नोकरीनिमित्त येणाऱ्यांसाठी भाड्याच्या खोल्यांची गरज निर्माण झाली. निवृत्तीची पुंजी घालून वरचा मजला बांधणाऱ्या कुटुंबाला दरमहाचे भाडे हा मोठा आधार असतो. ते थकले, की घरखर्चाचे गणित कोलमडते. त्यामुळे भाडेकरूचे 'सिबिल' पाहून घ्यावे का, असा प्रश्न घरमालकाला पडणे स्वाभाविक आहे.

सिबिल ही २००० मध्ये स्थापन झालेली पतमाहिती कंपनी. इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि क्रिफ हाय मार्क या अशाच अन्य तीन कंपन्या. कर्जाचे हप्ते व क्रेडिट कार्डाची देयके वेळेवर भरली गेली की नाही, याची माहिती बँका या कंपन्यांना देतात. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान गुणांक ठरतो.

मात्र, घरमालकाला हा अहवाल परस्पर मागविता येत नाही. २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार तो बँकांसारख्या ठराविक संस्थांना आणि स्वतः त्या व्यक्तीलाच मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल संबंधित व्यक्तीला विनामूल्य द्यावयाचा आहे. भाडेकरूने तो स्वखुशीने दाखविल्यास पाहावा. त्यासाठी त्याच्या मोबाईलवरील ओटीपी मागू नये.

या गुणांकाला मर्यादाही आहेत. आधीच्या घरमालकाचे भाडे वेळेवर दिले की नाही, हे त्यात सहसा दिसत नाही. पहिल्याच नोकरीवर आलेल्या तरुणाने कधी कर्जच घेतलेले नसेल, तर त्याचा अहवाल कोरा असतो. कोरा अहवाल म्हणजे वाईट पत नव्हे. अशा वेळी नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी, बँक खात्याचा काही महिन्यांचा उतारा आणि आधीच्या घरमालकाशी झालेले बोलणे अधिक उपयोगी पडते. ओळखीसाठी पहिले आठ अंक झाकलेली आधारची प्रत घेता येते. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देण्यासही विसरू नये.

खरी सुरक्षितता करारात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे, तेथे कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून, कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोडून काढण्याचा भार मालकावर पडतो. याउलट 'लिव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपूनही राहते घर न सोडल्यास कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने भरपाईही मिळू शकते.

भाडेकरूचा गुणांक कितीही चांगला असला, तरी नोंदणीकृत कराराशिवाय किल्ली हाती देऊ नये, हे उत्तम.