पायांतील मंदावलेला रक्तप्रवाह

हरमलच्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्याची किंवा गावातील बागायतदाराची रोजी त्याच्या पायांवर अवलंबून असते. म्हणूनच थोडे चालताच पोटरीत गोळा यावा आणि जरा थांबताच तो ओसरावा, या लक्षणास थकवा समजून दुर्लक्षिणे परवडणारे नाही. पायाकडे शुद्ध रक्त नेणारी धमनी अरुंद झाली असता, विश्रांतीच्या वेळी पुरणारे रक्त श्रमाच्या वेळी स्नायूंस अपुरे पडते. वेदनेचे कारण हेच होय.

उतारवयात हा विकार बहुधा धमनीच्या आतील बाजूस साचलेल्या मेदामुळे होतो. धूम्रपान, मधुमेह व उच्च रक्तदाब त्यास हातभार लावतात. ऐन उमेदीतील, विडी ओढणाऱ्या पुरुषांत मात्र एक निराळाच रोग आढळतो. लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केल्यामुळे तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. यात हातापायांच्या लहान व मध्यम रक्तवाहिन्यांना दाह होऊन गुठळ्या होतात, बोटे काळी पडतात आणि प्रसंगी ती कापावी लागतात. तंबाखूचा संपूर्ण त्याग हाच यावरील खात्रीचा उपाय ठरला आहे. दिवसाकाठी एक-दोन विड्याही रोग जागता ठेवण्यास पुरतात. विडी टाकून तंबाखू चघळणे ही तर निव्वळ आत्मवंचना होय. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध गोव्यात १९९७ साली कायदा झाला, परंतु ओसरीवरच्या विडीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

मेदामुळे धमनी अरुंद झालेल्या रुग्णास, औषधांच्या जोडीने, चालण्याचा व्यायाम विशेष गुणकारी असतो. वैद्यकीय तपासणीनंतर, वेदना बऱ्यापैकी जाणवेपर्यंत चालावे, थांबावे, ती शमताच पुन्हा चालावे. हा क्रम ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून तीन वेळा, किमान तीन महिने ठेवल्यास स्नायू मिळेल त्या रक्ताचा अधिक चांगला उपयोग करू लागतात व विनावेदना चालण्याचे अंतर वाढते. ओहोटीच्या वेळची घट्ट वाळू यास सोयीची असली, तरी अनवाणी चालू नये. शिंपल्याने झालेली लहानशी जखमही अशा पायावर लवकर भरत नाही. गार पायास शेक देण्याची घरगुती रीतही टाळावी, कारण बधिर कातडीस भाजल्याचे कळत नाही. त्यापेक्षा सुती मोजे बरे.

रात्री पडल्यापडल्याही पाय ठणकत असेल किंवा बोटावरील जखम चिघळली असेल, तर हा व्यायाम न करता विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे. पाय अकस्मात थंड व पांढरा पडून असह्य वेदना होऊ लागल्यास तो वाचविण्यास काही तासांचाच अवधी असतो. हरमलहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय दूर आहे; तेव्हा सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.