बटण मुलाच्या हाती

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात मावशीच्या रँचवर राहायला गेलेल्या एका मुलीने गुरांना लस टोचताना पाहिले. एकेका जनावराला दोन उभ्या फळ्यांच्या मध्ये आणत. फळ्या सरकून त्याच्या दोन्ही कुशींना घट्ट दाब देत आणि मघाशी बुजलेले जनावर पुष्कळदा शांत उभे राही. कुणी मायेने जवळ घेतले तरी तिचे अंग आक्रसून जाई, पण त्या दाबाची तिला ओढ वाटली. ती स्वतःच त्या फळ्यांमध्ये जाऊन उभी राहिली आणि तिला फार बरे वाटले. पुढे वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास तिने माणसासाठी तसेच यंत्र बनवले. फळ्यांना आतून मऊ अस्तर होते, आणि दाब किती हवा, कधी थांबवायचा, हे ठरवणारा खटका तिच्या स्वतःच्या हातात होता.

ही मुलगी म्हणजे टेंपल ग्रँडिन. पुढे ती पशुविज्ञानाची प्राध्यापक झाली आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) माणसाचे अनुभवविश्व आतून सांगणारी जगातली एक महत्त्वाची लेखिकाही. तिच्या यंत्राचे शाळेतल्या मोठ्यांना कोडे पडले होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी मात्र तिला सुचवले की, याने बरे का वाटते, ते शोधून काढ. खोल दाबाच्या शांतवणाऱ्या परिणामावरचा तिचा शोधनिबंध 1992 मध्ये प्रसिद्ध झाला.

आज जगभरच्या अनेक शाळांत ‘सेन्सरी रूम’, म्हणजे प्रकाश, आवाज, स्पर्श अशा संवेदनांची साधने असलेल्या खोल्या असतात. त्यांचे मर्म त्या खटक्यात आहे.

ज्ञानेंद्रिये पाच, असे आपण पाठ केलेले असते. पण आणखी दोन जाणिवा दिवसभर काम करत असतात. कानाच्या आतला भाग तोल आणि हालचाल सांगतो. स्नायू आणि सांधे हात-पाय कुठे आहेत, किती जोर लागतो आहे, ते कळवतात. या सगळ्या निरोपांची जुळणी मेंदू कशी करतो, याची मांडणी अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी केली. त्यांचे या विषयावरचे पुस्तक 1972 सालचे. संवेदनांना अति किंवा अत्यल्प प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत आले, ते 2013 मध्ये, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुस्तिकेत.

वर्गात याचा अर्थ काय होतो? पंख्याची घरघर इतरांना ऐकूही येत नाही, पण एखाद्या मुलाला तिच्यापुढे बाईंचे बोलणे ऐकू येत नाही. गणवेशाच्या कॉलरचे लेबल दिवसभर टोचत राहते. मधल्या सुट्टीत चाळीस डबे एकदम उघडले की तो वास असह्य होतो. शेजारच्या बाकावरच्या मुलीची गोष्ट उलटी असते. तिला संवेदना कमी पडतात, म्हणून ती बाक हलवते, पेन्सिल चावते, भिंतीला धडकून येते. दोघांनाही ‘वर्गात लक्ष नाही’ असा एकच शेरा मिळतो.

सेन्सरी रूमचा उगम शाळेत झालेला नाही. नेदरलँड्समधल्या एडे गावाजवळ ‘द हार्टेनबर्ग’ ही तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची निवासी संस्था आहे. 1970 च्या दशकात तिथे यान हुल्सेखे आणि आद फरहूल यांनी प्रकाश, आवाज, वास, स्पर्श यांनी भरलेली जागा उभी केली. डच भाषेतले ‘हुंगणे’ आणि ‘डुलकी घेणे’ हे दोन शब्द जोडून तिला ‘स्नूझलेन’ हे नाव मिळाले. तिथे कुणी काही शिकवत नसे, गुण देत नसे. माणसाने स्वतःच्या आवडीने, स्वतःच्या गतीने काय ते निवडावे, एवढीच अपेक्षा होती. शाळांनी ही कल्पना उचलली तेव्हा उपकरणे सगळी आली. रंग बदलणाऱ्या पाण्यात बुडबुडे चढत राहणारी उंच बबल ट्यूब आली, प्रकाशाचे धागे, झोपाळे, जड पांघरुणे आली. निवडीचा भाग मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिला.

तो किती महत्त्वाचा आहे, हे वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासून पाहिले. 4 ते 12 वर्षांची 41 स्वमग्न मुले दोन प्रकारे सेन्सरी रूममध्ये गेली. एकदा दिवे, आवाज, बुडबुडे बदलणे मुलांच्या हातात होते, एकदा नव्हते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की, बटण स्वतःच्या हातात असताना मुलांचे लक्ष अधिक लागले. तेच ते हातवारे आणि तेच ते आवाज कमी झाले, अस्वस्थ हालचालही कमी झाली. खोली तीच, उपकरणेही तीच होती. पण हे त्या खोलीतल्या वेळेपुरते आहे. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला काय होईल, ते यावरून सांगता येत नाही.

उपकरणे विकणारे मात्र पुष्कळ काही सांगतात, म्हणून पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जड पांघरुणाने स्वमग्न मुलांची झोप वाढते का, याची ब्रिटनमध्ये काटेकोर चाचणी झाली. 2014 मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि झोपेचा एकूण वेळ वाढलेला दिसला नाही. तरीही मुलांना आणि पालकांना ते पांघरूण साध्या पांघरुणापेक्षा जास्त आवडले होते. आवड ही गोष्ट छोटी नाही. पण तिला उपचार म्हणून विकणे गैर आहे.

याहून गंभीर चूक शाळेच्या हातून होते. ‘आधी वही पूर्ण कर, मग खोलीत जा’ असे म्हटले की सोयीचे बक्षीस होते. ‘फार त्रास देतोस, जा तिकडे’ म्हटले की तीच खोली कोंडवाडा होते. ज्या मुलाच्या कानात वर्गाचा गोंगाट घणासारखा आदळतो आहे, त्याला शांतता कमावून दाखव म्हणणे क्रूर आहे. आणि दार बाहेरून बंद होत असेल, तर आत कितीही सुंदर दिवे असोत, मुलासाठी ती शिक्षाच.

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश केला. मुलाच्या गरजेनुसार शाळेने वाजवी सोय करून दिली पाहिजे, हेही त्यात आहे. साठ मुलांच्या वर्गाला एक शिक्षिका आणि छत गळते, अशा शाळेला बबल ट्यूबचे चित्र दाखवणे निरर्थक वाटेल. पण कोपरा निघू शकतो. जिन्याखालची किंवा ग्रंथालयातली जागा, एक गडद पडदा, खाली सतरंजी, कानांवर लावायचे आवाजरोधक. घरची जुनी, चार लुगड्यांच्या थरांची गोधडी तर मराठी घरात जड पांघरुणाच्या कितीतरी आधीपासून आहे. ती मुलाला स्वतःहून बाजूला सारता आली पाहिजे आणि तोंडावर येता कामा नये. घंटेजवळचा बाक बदलला, लुकलुकणारी ट्यूबलाइट दुरुस्त केली, तर त्याला वेगळा निधीही लागत नाही. कोणत्या मुलाला काय चालते, हे मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्टला, आईवडिलांना आणि मुख्य म्हणजे मुलाला विचारूनच ठरवावे. एकाला शांत करणारा झोपाळा दुसऱ्याला गरगरवतो.

बोलता न येणाऱ्या मुलासाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड पुरते. त्यावर कोपऱ्याचे चित्र. ते बाकावर उलटे पडलेले असते. मुलाने सुलटे केले की बाईंनी कारण विचारायचे नाही, मान डोलवायची. तो उठून जातो आणि त्याचे त्यालाच बरे वाटले की परत येऊन बसतो.