वाहनातील गारवा आणि आवाज : सोयीची बटणे, सुरक्षिततेचा प्रश्न

मोटार विकत घेताना इंजिन, मायलेज आणि किंमत यांची चौकशी बारकाईने केली जाते. एसीचे आणि म्युझिक सिस्टिमचे बटण मात्र 'चालू' आणि 'बंद' एवढ्याच माहितीवर वर्षानुवर्षे वापरले जाते. वाहनाबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या कप्प्यातून बाहेरही निघत नाही. या दोन्ही सुविधा केवळ चैनीच्या असत्या, तर या दुर्लक्षाने फारसे बिघडले नसते. परंतु चालकाला समोरचे किती स्पष्ट दिसते, तो किती सावध राहतो आणि त्याला बाहेरचे काय ऐकू येते, या तिन्ही गोष्टी याच बटणांशी जोडलेल्या आहेत.

एसी हवा कोरडीही करतो

वाहनातील वातानुकूलन यंत्रणा इंजिनाच्या किंवा विजेच्या शक्तीवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या साहाय्याने वायू दाबते. हा वायू पुढच्या जाळीमागील कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेर टाकतो आणि द्रवरूप होतो. त्यानंतर डॅशबोर्डच्या आतील नळ्यांमध्ये त्याचे पुन्हा वायूत रूपांतर होते. त्या वेळी या नळ्या अतिशय थंड होतात आणि पंख्याने त्यांवरून सोडलेली हवा गार होऊन आत येते. हवेतील बाष्प याच थंड नळ्यांवर पाण्याच्या रूपाने साचते आणि एका नळीवाटे गाडीखाली ठिबकते. एसी चालू असताना गाडीखाली दिसणारे स्वच्छ पाणी बिघाडाचे नसून हवा कोरडी होत असल्याचे लक्षण असते.

एसी म्हणजे केवळ गारवा, असे समजणारे चालक पावसाळ्यात आणि थंडीत तो बंद ठेवतात. नेमक्या याच दिवसांत त्याच्या दुसऱ्या कामाची, म्हणजे हवा कोरडी करण्याची, सर्वाधिक गरज असते.

काचेवरची वाफ : आतली आणि बाहेरची

पावसात भिजून चार-पाच जण गाडीत बसले, खिडक्या बंद केल्या आणि गाडी आंबोली किंवा ताम्हिणीच्या घाटाला लागली की काही मिनिटांतच समोरची काच धूसर होते. प्रवाशांच्या श्वासातील आणि ओल्या कपड्यांतील बाष्प थंड काचेवर आतून साचते. फडक्याने काच पुसण्याचा उपाय क्षणभरच टिकतो. शिवाय वळणावर एक हात स्टिअरिंगवरून सुटतो, तो वेगळाच.

यावरचा योग्य उपाय सोपा आहे. हवेचा झोत समोरच्या काचेकडे वळवावा, एसी चालू करावा, बाहेरची हवा आत घेण्याची सोय सुरू ठेवावी आणि पंख्याचा वेग वाढवावा. थंडी वाजत असेल तर तापमानाची कळ लाल बाजूकडे फिरवावी. एसी आणि हीटर एकाच वेळी चालवणे अनेकांना विसंगत वाटते, पण त्यात चूक काहीच नाही. एसी हवेतील ओलावा काढतो, हीटर तीच कोरडी हवा उबदार करतो आणि उबदार कोरडी हवा काच सर्वांत लवकर स्वच्छ करते. अनेक गाड्यांमध्ये पंख्याच्या आकाराच्या चौकटीत वर जाणाऱ्या वाकड्या रेषांचे चिन्ह असलेले बटण दाबल्यास ही सर्व कामे आपोआप होतात. मागच्या काचेसाठी वेगळे बटण असते. ते काचेत बसवलेल्या बारीक तारा विजेने तापवते. काच स्वच्छ झाल्यावर ते बंद करावे.

याच्या नेमकी उलट स्थिती मुंबई, चेन्नई, कोलकाता अशा दमट शहरांत आढळते. गाडीत कडक गारवा असतो, हवेचा झोत काचेवर येत असतो आणि बाहेरची हवा उष्ण व ओली असते. अशा वेळी काच इतकी थंड होते की बाष्प तिच्यावर बाहेरून धरते. आतून कितीही पुसले तरी ते जात नाही. वायपर एकदा फिरवल्यावर काच स्वच्छ झाली, तर वाफ बाहेरची आहे असे समजावे. तेव्हा झोत काचेवरून हटवावा आणि तापमान थोडे वाढवावे. आतल्या वाफेवरचा उपाय बाहेरच्या वाफेवर केल्यास काच आणखी धूसर होण्याची शक्यता असते. म्हणूनच हा फरक आधी ओळखणे महत्त्वाचे ठरते.

कोंडलेली हवा आणि चालकाची गुंगी

गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेले बटण आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवते. बाहेरची तापलेली हवा आत येत नसल्याने गारवा लवकर मिळतो. धूर ओकणाऱ्या ट्रकच्या मागे, धुळीच्या रस्त्यावर, बोगद्यात किंवा दिल्लीसारख्या शहरात हिवाळ्यातील दूषित हवेच्या दिवसांत हे बटण उपयोगी पडते.

तथापि, ते तासन्‌तास सुरू ठेवणे हिताचे नाही. बंद गाडीतील प्रवाशांच्या श्वासोच्छ्वासाने कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढत जाते. डोके जड होणे, जांभया येणे आणि लक्ष विचलित होणे हे त्याचे परिणाम असतात. रात्रीच्या लांब प्रवासात आधीच थकलेल्या चालकाला ही गुंगी घातक ठरू शकते. त्यामुळे गाडी गार झाल्यावर बाहेरची हवा आत घेण्याची सोय सुरू करावी. दूषित हवेमुळे आतली हवा फिरवणे भाग पडलेच, तर मधूनमधून काही मिनिटे ताजी हवा आत येऊ द्यावी. आत येणारी हवा गाळणारी जाळी अनेक गाड्यांमध्ये डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असते. ती धुळीने भरली की झोत मंदावतो. अशा वेळी एसीत गॅस भरून घेण्याआधी ही जाळी तपासणे शहाणपणाचे ठरते.

उन्हात उभी असलेली गाडी

उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर काचा लावून एसी पूर्ण वेगाने सोडण्यापेक्षा आधी खिडक्या उघडून मिनिटभर गाडी चालवावी. आतली तापलेली हवा त्यामुळे निघून जाते आणि यंत्रणेवरचा भार हलका होतो. तापमान अगदी खालच्या अंकावर नेल्याने स्वयंचलित एसी अधिक वेगाने गार करतो, हाही एक गैरसमज आहे. आतली उष्णता फार असेल तेव्हा अशी यंत्रणा सामान्यतः आपल्या पूर्ण क्षमतेनेच चालत असते.

बंद गाडी किती वेगाने तापते, याचा अभ्यास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी केला आणि तो २००५ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले आणि त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. खिडकी थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. बाहेरचे हवामान सौम्य असतानाही गाडी धोकादायक पातळीपर्यंत तापू शकते, हा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. 'दोन मिनिटांत येतो' असे म्हणून मुलांना गाडीत ठेवून जाणाऱ्या पालकांनी तो लक्षात ठेवावा. एसी चालू ठेवून जाणे हाही सुरक्षित मार्ग नाही. इंजिन बंद पडले किंवा मुलाने एखादे बटण दाबले, तर गारवाही थांबतो आणि दरवाजे आतून बंद होण्याचा धोकाही असतो.

थांबलेल्या गाडीत झोप

लांबच्या प्रवासात रस्त्याकडेला गाडी थांबवून, काचा लावून आणि एसी सुरू ठेवून झोपण्याची सवय अनेकांना असते. या सवयीतील धोका एसीचा नसून तो चालवणाऱ्या इंजिनाचा असतो. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. गाडी धावत असताना धूर मागे पडतो. ती उभी असताना मात्र तो तिच्याभोवती साचतो. सायलेन्सरच्या नळीला गळती असेल, गाडी बंद गॅरेजमध्ये असेल किंवा नळीचे तोंड चिखलाने वा बर्फाने बुजले असेल, तर तो आत शिरतो. आतली हवा फिरवण्याचे बटण दाबल्याने त्यापासून संरक्षण मिळेलच, असे नाही. झोपलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणे जाणवण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी मोठ्या हिमवर्षावात शेकडो वाहने अडकली आणि वीसहून अधिक पर्यटकांचा मृत्यू झाला. बंद गाड्यांत हीटर सुरू ठेवल्याने साचलेला कार्बन मोनॉक्साइड हे त्यांपैकी काही मृत्यूंचे कारण असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. हिमाचल प्रदेश, काश्मीर आणि लडाखला हिवाळ्यात जाणाऱ्या प्रवाशांसाठी ही घटना बोलकी आहे. बर्फात अडकल्यास सायलेन्सरचे तोंड आधी मोकळे करावे, इंजिन थोडा वेळच चालवावे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी किंचित उघडी ठेवावी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमधून हा वायू बाहेर पडत नाही.

आवाज किती असावा

मोटारीतील रेडिओचा वाद रेडिओइतकाच जुना आहे. अमेरिकेतील गॅल्व्हिन कंपनीने १९३० मध्ये 'मोटोरोला' या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. त्या काळातही त्यामुळे चालकाचे लक्ष विचलित होईल, अशी भीती व्यक्त होत होती आणि काही ठिकाणी बंदीचे प्रस्तावही पुढे आले होते. कालांतराने रेडिओ रुळला. रात्रीच्या प्रवासात त्याची सोबत मिळते आणि रस्त्याची व हवामानाची माहितीही मिळते.

प्रश्न आवाजाच्या पातळीचा आहे. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा, रेल्वेच्या इंजिनाची शिटी, दुचाकीचा हॉर्न आणि स्वतःच्या गाडीच्या चाकातून येणारा विचित्र आवाज, या सर्व चालकासाठी सूचना असतात. काचा बंद असताना त्या आधीच क्षीण झालेल्या असतात. त्यावर गाण्याचा ठेका चढला की त्या ऐकूच येत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णवाहिकेसारख्या आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल, एवढाच आवाज ठेवावा, हा साधा निकष यासाठी पुरेसा आहे.

बटण की पडदा

पूर्वीच्या गाडीतील गोल कळ हाताला सापडत असे. नव्या गाड्यांमध्ये तापमान, पंखा आणि गाणी हे सारे एका काचेच्या पडद्यावर आले आहे. बोटाला तेथे उंचवटा जाणवत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी नजर रस्त्यावरून हटवावी लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ४४ मीटर पुढे जाते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाडीतील उपकरण वापरताना एका वेळी दोन सेकंदांहून अधिक आणि एका कामासाठी एकूण बारा सेकंदांहून अधिक काळ नजर हटू नये.

स्वीडनमधील 'वी बीलेगारे' या मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने एक चाचणी घेतली. तापमान वाढवणे, रेडिओवर ठरावीक केंद्र लावणे अशी काही कामे चालकांना देण्यात आली होती. गाडीची ओळख करून घेण्यास त्यांना आधी वेळही मिळाला होता. २००५ च्या, बटणे असलेल्या जुन्या गाडीत ही कामे दहा सेकंदांत आणि ३०६ मीटर अंतरात पूर्ण झाली. पडदा असलेल्या एका नव्या गाडीत त्यांना सुमारे ४५ सेकंद लागले आणि तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढे गेली. युरोपातील वाहन सुरक्षा चाचणी संस्था युरो एनकॅप हिने इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मूलभूत कामांसाठी प्रत्यक्ष बटणे असण्याला २०२६ पासूनच्या आपल्या गुणांकनात स्थान दिले आहे.

निघण्यापूर्वीचे दोन मिनिट

भारतात वातानुकूलन ही आता केवळ खासगी मोटारींची बाब राहिलेली नाही. मध्यम आणि अवजड मालवाहू ट्रकच्या चालककक्षात एसी बंधनकारक करणारी अधिसूचना केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढली आणि २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना ती लागू झाली. उन्हाळ्यात दिवसाचे दहा-बारा तास तापलेल्या केबिनमध्ये काढणाऱ्या चालकांना त्यामुळे दिलासा मिळेल. मात्र ताजी हवा केव्हा घ्यावी, काच कशी स्वच्छ करावी आणि इंजिन सुरू ठेवून झोपू का नये, ही माहितीही त्यांच्यापर्यंत त्याच वेळी पोहोचायला हवी.

यावर खर्चिक उपायांची गरज नाही. गाडी उभी असतानाच तापमान, हवेची दिशा आणि आवाज ठरवून घ्यावा. फोन ब्लूटूथला जोडून मार्ग आणि गाणी आधीच लावावीत. प्रवासात बदल करायचा झाल्यास स्टिअरिंगवरील बटणे वापरावीत किंवा शेजारच्या प्रवाशाला सांगावे. चालक एकटा असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबवावी. नवी किंवा भाड्याची गाडी हाती आल्यावर काच स्वच्छ करण्याचे, हवा बदलण्याचे आणि आवाज कमी करण्याचे बटण न पाहता हाताला सापडेपर्यंत दोन-तीन वेळा सराव करावा. ही तीन बटणे अंधारात, घाटात आणि मुसळधार पावसात लागतात आणि तेव्हा ती शोधायला वेळ नसतो.