रानभाज्या जरूर खा, पण ओळखून आणि नीट शिजवून

पाऊस सुरू झाला की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी महिला शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली विकायला बसतात. या भाज्यांना ना खत लागते, ना फवारणी. त्या विकत घेतल्या की तुमच्या आहारात विविधता येते आणि त्या गोळा करणाऱ्या कुटुंबाच्या हाती थेट पैसे पडतात. मात्र काही काळजी घ्यायलाच हवी.

घसा का खाजतो?

शेवळं, अळू, सुरण यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते तोंडात आणि घशात टोचतात. म्हणूनच शेवळं काकडं, चिंच किंवा आमसूल घालून भरपूर शिजवतात. कोणती भाजी कशी करायची, हे विकणाऱ्या मावशींनाच विचारा. त्यांचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

स्वतः तोडून आणू नका

मोबाइलवरचा फोटो पाहून रानातले कंद किंवा पाने आणणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांनी लक्ष वेधणाऱ्या कळलावीचा कंद खाण्याचा कंद समजून खाल्ला जातो. त्यात कोल्चिसिन हे विष असते आणि शिजवल्याने ते जात नाही. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात आणि पुढे मूत्रपिंड, हृदय निकामी होऊ शकते. रस्त्याकडेच्या किंवा नाल्याकाठच्या भाज्याही टाळा.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

- मुतखडा असलेले: काही पालेभाज्यांत ऑक्झलेट जास्त असते.
- मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले: पालेभाज्यांतील पोटॅशियम त्रासदायक ठरू शकते.
- वॉर्फरिन किंवा असेनोकुमारॉल घेणारे: हिरव्या पाल्यातील व्हिटॅमिन के या औषधांचा परिणाम कमी करते. पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू नका.
- मधुमेही: करटोली खाऊन गोळ्या किंवा इन्शुलिन बंद करू नका.

गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना अनोळखी भाजी देऊ नका. घरातील इतरांनीही नवी भाजी पहिल्यांदा थोडीच खाऊन पाहावी.

त्रास झाला तर

नुसती खाज असेल तर चूळ भरा, थंड पाणी किंवा दूध प्या. ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर १०८ ला फोन करा किंवा लगेच रुग्णालय गाठा. घरी मुद्दाम उलटी करवू नका. उरलेली भाजी किंवा कंद सोबत न्या, त्यावरून उपचार ठरवायला मदत होते.

तुम्ही एवढे करू शकता

आठवड्यातून एकदा ओळखीच्या विक्रेतीकडून रानभाजी घ्या आणि फार घासाघीस करू नका. ऑगस्टमध्ये अनेक जिल्ह्यांत कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे कुटुंबासह जा. भाजी ओळखणारी माणसे तुम्हाला तिथेच भेटतील.