इंग्रजीचे सर, मराठीचे कवी

मी कॉन्व्हेंटवाली. माझं मराठी म्हणजे आईशी भांडण्यापुरतं! त्यामुळे सुट्टीत आजोबांनी विंदा करंदीकरांचं ‘अष्टदर्शने’ हातात दिलं, तेव्हा आधी पानं मोजली. पण आत चक्क देकार्त भेटला. हो, तोच, कार्टेशियन कोऑर्डिनेट्सवाला! शिवाय स्पिनोझा, कान्ट, नित्शे, आपला चार्वाक... आठ दर्शनं, आणि सगळी मराठी कवितेत.

गोविंद विनायक करंदीकर (१९१८-२०१०) हे सिंधुदुर्गातल्या धालवलीचे. मुंबईत रुईया, एसआयईएससारख्या कॉलेजांत शिकवायचे ते इंग्रजी. पण वर्गातलं त्यांनी वर्गातच ठेवलं नाही. अॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र, शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’, गटेचा ‘फाउस्ट’ मराठीत आणला. ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’सुद्धा आजच्या मराठीत केला (म्हणजे माझ्यासारख्यांची सोय!). आणि हाच माणूस लहान मुलांसाठी ‘राणीची बाग’ लिहितो. बापट, पाडगावकरांबरोबर गावोगाव कविता वाचतो. २००३ सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, खांडेकर आणि कुसुमाग्रजांनंतर मराठीला तिसरं. पुरस्कारांच्या रकमा मात्र देऊन टाकल्या.

मला आतापर्यंत वाटायचं, अवघड विचार इंग्रजीतच करायचा. मराठी घरात आणि रिक्षावाल्याशी. विंदांना तर इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त येत होतं. तरी कान्ट सांगायला त्यांना मराठी पुरली. मग कमी कोण पडतंय, मराठी की मी?

देकार्त दोनदा वाचून झाला. आजोबा रोज विचारतात, “कुठवर आलं?” कान्टवर अडलंय. शब्दकोश शेजारी घेऊन बसलेय.