शीत वाळवंटातील घरगुती बाग : निवड कशाची आणि कशी?

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. हिवाळ्यात तेथील पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो आणि पाऊस व हिम मिळून वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. अशा ठिकाणी घराभोवती बाग करणाऱ्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : गेल्या उन्हाळ्यात लावलेल्या रोपांपैकी किती रोपे वसंतात पुन्हा फुटतील? मैदानी प्रदेशातील रोपवाटिकांतून हौसेने नेलेली रोपे बहुधा फुटत नाहीत. दोष थंडीला दिला जातो. तो निम्माच खरा आहे.

थंडीला तोंड देण्याची तयारी वनस्पती थंडी पडण्याच्या कितीतरी आधी सुरू करते. दिवस लहान होऊ लागले की वाढ थांबते, पेशींमधील शर्करेचे प्रमाण वाढते आणि पेशीतील पाणी हळूहळू बाहेरच्या पोकळ्यांत सरकते. पुढे बर्फ होतो तो या पोकळ्यांत. पेशीच्या आत तो झाला तर पेशी मरते. महत्त्वाचे आहे ते वेळेवर झोपी जाणे. महाबळेश्वरला एखाद्या पहाटे दव गोठते आणि दुपारपर्यंत सारे पूर्ववत होते. तेथील झाडांना या तयारीची गरज पडत नाही. बोगनवेल तर ऑक्टोबरातही वाढतच राहते आणि कोवळ्या फांद्यांसह गोठते.

तथापि, लडाखमध्ये याहून मोठा शत्रू आहे तो कोरडेपणा. जानेवारीत आकाश निरभ्र असते, ऊन प्रखर असते, वारा सुटलेला असतो आणि जमीन मात्र खोलवर गोठलेली असते. पाने व फांद्या पाणी गमावत राहतात, पण मुळांना गोठलेल्या मातीतून थेंबभरही पाणी ओढता येत नाही. त्यामुळे रोप थंडीने नव्हे, तर तहानेने मरते. रुंद पानांची सदाहरित झुडपे येथे टिकत नाहीत, ती मुख्यतः याच कारणाने.

लाहौल खोऱ्यातील केलाँग लेहपेक्षा खूप खाली नाही. पण तेथे हिमवर्षाव भरपूर होतो आणि त्या जाड थराखाली झाडांची मुळे व जमिनीलगतचे डोळे सुरक्षित राहतात. बर्फ थंड असला तरी पांघरुणाचे काम करतो. लेहच्या बागेला हे पांघरूण क्वचितच मिळते. म्हणूनच, हिवाळ्यातील सर्वांत नीचांकी तापमानाच्या सरासरीवर आधारलेले आणि सुमारे साडेपाच अंशांच्या टप्प्यांनी विभागलेले जे अमेरिकी पट्टे जगभरच्या रोपवाटिका वापरतात, त्यांच्यावर लेहमध्ये पूर्ण विसंबता येत नाही. एखादे झाड किती थंडी सोसेल, हे त्यावरून कळते. ते कोरडा वारा सोसेल का, हे कळत नाही.

झुडपांची निवड करताना आधी कुंपणाबाहेर पाहावे, हे उत्तम. लडाखी लोक ज्याला ‘सिया’ म्हणतात तो रानगुलाब दगडधोंड्यांत, ओहोळांच्या काठी आपोआप वाढतो. उन्हाळ्याच्या आरंभी तो गुलाबी फुलांनी झाकला जातो आणि शरद ऋतूत त्याची लाल फळे दिसू लागतात. सियाचिन हे नाव याच गुलाबावरून पडल्याचे सांगितले जाते. बाजारातील मोठ्या फुलांचे गुलाब कलमी असतात. कडक हिवाळ्यात वरचा भाग मरतो व खालच्या खुंटाला फुटवे येतात, आणि मालक ‘गुलाबाचा रंग बदलला’ म्हणून चकित होतो! स्वतःच्या मुळांवर वाढलेला गुलाब मात्र जमिनीपर्यंत जळाला तरी त्याच रूपात परततो.

‘त्सेरमांग’ म्हणजे सीबकथॉर्न. नारिंगी, आंबट फळांच्या या काटेरी झुडपाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधून ठेवतात, त्यामुळे ते निकृष्ट रेताड मातीतही तग धरते. लडाखच्या सीबकथॉर्नला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. परागण वाऱ्याने होते. सहा-आठ मादी झाडांमागे एक नर लावावा लागतो, आणि रोपावरून हा भेद कळत नसल्याने माहितीच्या झाडाचीच फांदी वा मुळावरचा फुटवा घ्यावा. फुटवे दूरवर पसरतात. पाण्याच्या पाटाजवळ किंवा भिंतीलगत हे झुडूप लावू नये. जागा लहान असेल तर पिवळ्या फुलांचे पोटेंटिला किंवा सुगंधी लायलॅक अधिक बरे. लायलॅकची एक जात पश्चिम हिमालयातीलच आहे.

वेलींमध्ये पर्याय थोडे आहेत. पिवळ्या, घंटेसारख्या फुलांचा क्लेमॅटिस लडाखच्या खडकांवर रानटी आढळतो. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर फुलणाऱ्या मोरवेलीचा हा जवळचा नातलग. फुले सरल्यावर राहणारे रुपेरी पिसांचे गोंडेही कमी सुंदर नसतात. हॉप्सचा वेल दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळतो आणि उन्हाळ्यात पुन्हा भराभर चढतो. लाहौलमध्ये त्याची शेतीच होते. द्राक्षवेल दाह-हानूसारख्या सखल, उबदार भागात येते. लेहमध्ये तिचा आग्रह धरायचा असेल, तर मध्य आशियातील शेतकऱ्यांप्रमाणे शरदात वेल खाली उतरवून मातीने झाकावी लागेल. हे कष्ट दरवर्षीचे आहेत, हे आधीच ध्यानात घेतलेले बरे.

नवख्याने सुरुवात करावी ती मात्र बहुवर्षायू वनस्पतींपासून. त्यांचा वरचा भाग शरदात वाळून जातो आणि पुढील वर्षाचे डोळे मातीलगत किंवा मातीखाली राहतात, म्हणून वारा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. शेतांच्या बांधांवर निळसर फुलांनी उमलणारी आयरिस, रेवंदचिनीची जात, सेडम, डेलफिनियम ही नावे विश्वासाची. पिओनीला तर थंडी लागतेच. मात्र तिचे डोळे बोटभराहून खोल पुरल्यास ती वर्षानुवर्षे फुलत नाही. हॉलीहॉक बहुधा दोनच वर्षे जगते, पण तिचे बी आपोआप पडून रुजते.

निवडीइतकीच जागाही निर्णायक ठरते. दक्षिणेकडील भिंतीलगतची ऊबदार जागा मोहक वाटते. पण फेब्रुवारीतील उन्हाने तेथील कळ्या लवकर जाग्या होतात व पुढच्या हिमाच्या रात्री जळतात. लवकर फुलणारी झुडपे भिंतीच्या उत्तरेला किंवा पूर्वेला लावणे शहाणपणाचे. लागवड माती वितळताच, रोप सुप्त असतानाच करावी. उशिरा शरदात लावलेले रोप गोठण-वितळणीने मातीबाहेर उचलले जाते.

पाण्याचे गणित सर्वांत नाजूक आहे. लडाखच्या गावांत हिमनद्यांचे पाणी पाटांतून पाळीपाळीने दिले जाते आणि ते वाटणाऱ्या व्यक्तीला ‘चुरपोन’ म्हणतात. परसबागेच्या आधी जव आणि भाजीपाल्याचा हक्क असतो. त्यामुळे हिरवळीचा हट्ट येथे शोभत नाही. ऑगस्टअखेरपासून नत्रयुक्त खत बंद करून पाणीही कमी करावे, म्हणजे फांद्या वेळेत पक्व होतात. मग पाने गळल्यावर, माती गोठण्यापूर्वी एकदा मुळांपर्यंत भरपूर पाणी द्यावे. माती गोठली की बुंध्याभोवती पेंढा किंवा वाळलेल्या पानांचा वीतभर थर पसरावा आणि वाऱ्याने तो उडू नये म्हणून वर दगड ठेवावेत.