वाऱ्याला मागचं दार

"आबा, हे हेल्मेट आहे की कुकर?" आण बघू इकडे. काच वाफेने धुरकट झालीय, अस्तर घामाने ओलंचिंब. पुढच्या फटी तर सगळ्या उघड्या आहेत! मग वारा अडला कुठे? थांब, आधी एका प्राण्याची गोष्ट ऐक.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत प्रेअरी डॉग राहतो. नावात कुत्रा असला तरी कुळ खारीचं. जमिनीखाली त्याचं बीळ कित्येक मीटर लांब. आत ताजी हवा हवी, आणि पठ्ठ्या पंखा आणणार कुठून? म्हणून तो बिळाला दोन तोंडं ठेवतो. एकाभोवती बुटका, गोलसर उंचवटा. दुसऱ्याभोवती उंच, धारदार काठाचा. जमिनीलगत वारा मंद, जरा वर गेलं की जोराचा. उंच तोंडावरून वारा जोरात गेला की तिथला दाब उतरतो आणि आतली हवा बाहेर खेचली जाते. तिची जागा भरायला बुटक्या तोंडातून ताजी हवा शिरते. वारा कुठल्याही दिशेने येवो, बिळाचं काम चालूच. १९७३ साली शास्त्रज्ञांनी हे प्रत्यक्ष मोजून दाखवलं.

आता तुझी स्कूटर. ताशी ६० किलोमीटरने निघालीस की समोरचा वारा १० सेंटिमीटरच्या चौकोनावर साधारण १७० ग्रॅम वजनाएवढा रेटा देतो. वेग निम्मा केलास, तर रेटा पाव! हनुवटीच्या फटीतून शिरलेली हवा काचेच्या आतून वर चढते, तुझ्या श्वासाची वाफ घेऊन जाते. कपाळावरची हवा आतल्या थर्मोकोलमध्ये कोरलेल्या चरांतून डोक्यावरून मागे सरकते.

पण ती बाहेर कशी पडते? धुळीच्या रस्त्यावर एसटी गेली की धूळ तिच्या पाठीमागेच गरगरत धावते, पाहिलंयस ना? गाडीमागे दाब कमी पडतो, त्याची ती ओढ. हेल्मेटच्या पाठीमागेही तसंच होतं. म्हणून तिथे फटी ठेवतात. पुढचा वारा ढकलतो, मागची पोकळी ओढते. मागे वाट नसेल, तर पुढच्या फटी नुसत्या शोभेच्या.

सिग्नलला मात्र गाडी थांबली की हा खेळ बंद. तिथे उकडणारच, कितीही महागाचं हेल्मेट घे.

बरं, हे मांजराचं स्टिकर कधी लावलंस? बरोबर मागच्या फटींवर! तोंड पाडू नकोस गं. नखाने अलगद काढ, डिकीवर लावू.